रंगीत तालीम, पण बिनरंगाची

पहिल्या वेळी माझ्याकडे सगळं होतं. हातमोजे, ब्रश, वाटी, जुना टॉवेल, गजर लावलेला फोन. खोक्यातला कागद मी दोनदा वाचला होता. नऊ वर्षांची लेक, तिच्या केसांची शेवटची चार बोटं आणि मोरपंखी रंग. लावणं सुरेख झालं. अर्धा तास ती शहाण्यासारखी बसलीसुद्धा. मग मी म्हणालो, "चल, धुऊन टाकू," आणि तिथून पुढचं काहीच मी ठरवलेलं नव्हतं. तिला बादलीवर वाकवलं, केस पुढे घेतले, वरून पाणी ओतलं. पाणी डोळ्यात गेलं, तिने "बाबा!" म्हणून मान झटक्यात वर केली, आणि म्हैस डोहातून उठावी तसं मोरपंखी पाणी भिंतीवर, दारावर, माझ्या चष्म्यावर. ती डोळे मिटून बाहेर पळाली आणि सापडेल त्या चादरीत तिने तोंड खुपसलं. रंग चादरीवर बसला, फरश्यांच्या सांध्यांत बसला, तिच्या कपाळावर आणि उजव्या कानावर तीन दिवस बसला. केसांवर मात्र उन्हात धरल्याशिवाय दिसत नव्हता.

आता ती पुन्हा मागे लागली आहे. म्हणून ही यादी, माझ्यासाठी आणि पहिल्यांदाच या फंदात पडणाऱ्या सगळ्यांसाठी. एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: लावायची तयारी सगळेच करतात, धुण्याची तालीम करा. आदल्या दिवशी, साध्या पाण्याने, त्याच जागी, त्याच कपड्यांत. पुढे मी हे पुन्हा पुन्हा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

आधी रंग कोणता ते. कायमस्वरूपी रंग मुलांसाठी नाही, इथे चर्चा नको. त्यात पेरॉक्साइड असतं, बहुतेक वेळा अमोनिया असतो, आणि गडद छटांमध्ये बऱ्याचदा पीपीडी नावाचं रसायन असतं. त्याची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्माची सोबत करते. युरोपीय संघात अशा खोक्यांवर १६ वर्षांखालच्यांसाठी हे नाही, असा इशारा छापावाच लागतो. आपल्या हातातल्या खोक्यावर तो असो वा नसो, मुलाची कातडी तीच आहे. "अमोनिया नाही" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असलं म्हणून भुलू नका, मागचे बारीक अक्षरांतले घटक वाचा. आणि "मेंदीच तर आहे" हेही ऐकायला तयार राहा. शुद्ध मेंदी तांबूस रंग देते. काळीभोर किंवा दहा मिनिटांत चढणारी मेंदी म्हटली की तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे असंच धरा, आणि ते दुसरं बरेचदा हेच पीपीडी असतं. ज्या मुलाला जी६पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्याला शुद्ध मेंदीही लावायची नाही, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ज्या घरांत हे निदान झालेलं आहे त्यांना मी काय सांगतोय ते कळलं असेल.

राहिले दोन प्रकार. एक, धुतला की जाणारा: केसांचा खडू, रंगीत मेण. दोन, पेरॉक्साइड नसलेला, काही धुण्यांत हळूहळू फिका होत जाणारा अर्धस्थायी रंग. हा दुसरा केस उजळवत नाही, नुसता वरून चढतो. म्हणजे काळ्या केसांवर निळा रंग लावणं म्हणजे पाटीवर निळ्या शाईने लिहिणं. पाटीवर खडूच उमटतो. मुलाला उद्याच सगळ्यांना दिसेल असा रंग हवा असेल तर सरळ खडू किंवा मेण घ्या आणि ही अर्धी यादी सोडून द्या. मला हे पहिल्या वेळी कुणी सांगितलं असतं तर चादर वाचली असती. अर्थात मी ऐकलं असतं असं नाही.

ब्लीच करून मग रंग लावावा, असं सुचवणारे भेटतील. मी घरी करणार नाही. ब्लीचच्या भुकटीतल्या परसल्फेटमुळे दम्याचा त्रास उसळू शकतो, टाळूला लागलं तर भाजतं, आणि मूल "चुरचुरतंय" म्हणतं तेव्हा नुसतं चुरचुरतंय की भाजतंय हे आपल्याला बाहेरून कळत नाही. शिवाय काळा केस ब्लीचने आधी नारिंगी, मग पिवळा होतो. त्या पिवळ्यावर निळा चढवला की हिरवट दिसतो. म्हणजे त्रास करून घ्यायचा आणि वर शेवाळ.

कातडीची चाचणी. रंग लावायच्या ४८ तास आधी कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कानामागे थोडासा रंग लावायचा आणि कागदावर लिहिलंय तसं करायचं. ४८ तास हे उगाच नाहीत. ही ॲलर्जी सावकाश येते, पहिल्या दिवशी कोरी दिसलेली जागा दुसऱ्या दिवशी लाल होऊन खाजू शकते. शनिवारी रंगवायचं तर चाचणी गुरुवारी. शनिवारी सकाळी आठवलं तर पुढचा शनिवार. मूल रडेल, रडू द्या. टाळूवर जखम, खपली, खाजवून लाल झालेली जागा, इसब किंवा उवा दिसल्या तरीही पुढे ढकला. चाचणीच्याच दिवशी आतल्या बाजूच्या एखाद्या बटेवर रंग लावून, धुऊन, वाळवून उन्हात बघा आणि मुलालाही दाखवा. "एवढाच दिसणार" हे रंगवायच्या आधी पटलेलं बरं.

शाळेला चालतं का ते विचारा. घरातल्या दुसऱ्या मोठ्या माणसालाही विचारा. विचारा म्हणतोय, सांगा नाही. मी नंतर सांगितलं होतं.

आता तालीम. शुक्रवारी संध्याकाळी करा, अर्धा तास काढा. मुलाला उद्या घालायचाच तो शर्ट घाला. केसांना कंडिशनर चोपडा, हाच आपला खोटा रंग. पाच मिनिटं थांबा आणि मग धुवा, अगदी खरं असल्यासारखं. हे का, ते सांगतो. रंगाचा कागद म्हणतो, "पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा." एवढ्या एका वाक्यात किती वेळ दडलेला आहे याची मला कल्पना नव्हती. गडद रंग पाच मिनिटांत जात नाही, लांब केस असतील तर दहाही पुरत नाहीत. तेवढा वेळ मूल मान कशी ठेवणार? तुमचा एक हात केसांत, एका हातात तांब्या, मग तोंडावरचं पाणी कोण पुसणार? नळ तिथपर्यंत पोहोचतो का? हे सगळे प्रश्न तालमीत पडले तर हसू येतं, रंग टपकत असताना पडले तर माझ्यासारखी गत होते.

पुढे वाकवून धुऊ नका. पुढे वाकलं की पाणी कपाळावरून डोळ्यांकडेच येतं आणि डोळ्यात गेलं की मान वर येणारच, तो काही मुलाचा दोष नाही. डोकं मागे, पाणी मागे. आम्हाला तालमीत जमलेली रीत अशी: लेक चटईवर उताणी, मानेखाली गुंडाळलेला टॉवेल, डोकं न्हाणीघराच्या उंबऱ्याच्या पलीकडे, केस खाली ठेवलेल्या टबात सोडलेले. कपाळावर केसांच्या रेषेलगत घडी घातलेलं फडकं, ते तिने स्वतः दोन्ही हातांनी दाबून धरायचं. हात गुंतलेले राहिले की ते रंगाला लागत नाहीत, हा वरचा फायदा. कुणाकडे खुर्ची मागे टेकवून बेसिनवर जमेल, कुणाकडे पलंगाच्या कडेवरून. कुठलंही चालेल, फक्त आदल्या दिवशी करून बघा. आमच्या पहिल्या तालमीत तिसऱ्याच मिनिटाला तिची मान दुखली. तेव्हा कळलं की टॉवेल एक नाही, दोन हवेत.

आणि फक्त टोकंच रंगवायची असतील तर डोक्यावरून पाणी ओतायची गरजच काय? टोकं टबात बुडवून खळबळायची, पाणी बदलायचं, पुन्हा खळबळायची. इतकं साधं मला रंगवताना सुचलं नाही, तालमीत सुचलं. तालीम करायची ती यासाठीच.

तालमीतच दुसरी एक भानगड उघडकीला आली. शर्ट. डोक्यातून काढायचा टी-शर्ट घातला तर ओले रंगीत केस त्यातूनच बाहेर येणार आणि तोंडावर फिरणार. पुढे बटणं असलेला जुना शर्ट हवा. हे कुठल्याच खोक्यात लिहिलेलं नसतं.

एक शब्दही ठरवून ठेवा. आमचा "थांब" आहे. ती "थांब" म्हणाली की पाणी बंद, मी कोरड्या फडक्याने डोळे पुसणार आणि ती डोकं हलवणार नाही. ती हलली नाही तर मी थांबणार आणि मी थांबलो तर ती हलणार नाही, असा तह आहे. तालमीत तिने गंमत म्हणून चौदा वेळा "थांब" म्हटलं. प्रत्येक वेळी थांबलो. विश्वास बसायला तेवढं लागतं.

सामान. हातमोजे खोक्यातले पिशवीसारखे ढगळ असतात, हाताला नीट बसणारे वेगळे आणा आणि दोन जोड ठेवा. वाटी, ब्रश, चिमटे. गडद रंगाचे टॉवेल तीन. व्हॅसलीन. कापूस. मुलाच्या मापाची प्लास्टिकची टोपी. जमिनीवर अंथरायला काहीतरी. आणि धुण्याच्या जागी, म्हणजे रंग लावतो तिथे नव्हे, धुतो तिथे, सगळं आधीच मांडलेलं: भरलेली बादली, तांब्या, टब, कोरडी फडकी हाताच्या अंतरावर. माझे टॉवेल कपाटात होते. कपाट दोन खोल्या पलीकडे.

आदल्या दिवशी शॅम्पू करा, तेल मात्र लावू नका. तालमीतलं कंडिशनर नीट निघायला हवं, नाहीतर रंग धड चढत नाही. म्हणजे तालीम आधी, शॅम्पू नंतर. तालीम उरकल्याशिवाय शॅम्पू नाही, असं म्हटलं तर विसरणार नाही.

त्या दिवशी आधी लघवीला पाठवा. मग व्हॅसलीन: कपाळाची रेषा, कानशिलं, कानाच्या पाळ्या, कानामागे, मानेवर. कानामागचं सगळे विसरतात. व्हॅसलीन केसांवर मात्र येऊ देऊ नका, तिथे रंग बसणार नाही. खिडकी उघडी. चष्मा, डूल काढा. टाळूपासून दोन बोटं सोडून खाली रंग लावा, पहिल्या वेळी मुळांपर्यंत जायचं कारणच नाही. भुवयांना, पापण्यांना कधीच नाही, थोडासाही नाही, मजेतही नाही. लहान मुलांचे केस बारीक असतात, थोडा रंग पुरतो. बटा वेगळ्या करून ब्रशने, मग बोटांनी. कुठे चुरचुरलं, खाजलं, तर वेळ बघत बसू नका, लगेच धुवा. तोंड सुजलं किंवा श्वास लागला तर धुणंही सोडा आणि डॉक्टर गाठा.

थांबायचा वेळ कागदावरचा. "अजून थोडं ठेवू, गडद येईल" हा मोह आवरा. मुलाला पाठ न टेकता बसता येईल असं काहीतरी द्या. सोफा नाही.

मग धुणं. तालमीतल्यासारखंच: तीच जागा, तोच टब, डोकं मागे. ऐन वेळी "असं सोपं पडेल" म्हणून नवी रीत काढू नका. पाणी कोमट, गरम नको. तरीही रंग डोळ्यात गेलाच तर चोळू देऊ नका, स्वच्छ वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं डोळा धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. तालमीची एवढी कटकट मी का करतोय ते आता कळलं असेल. आमच्यावर त्या दिवशी ती वेळ थोडक्यात टळली होती.

पुढचं पटापट. टिपून वाळवा, चोळू नका. कातडीला लागलं असेल तर तेल आणि साबण, नेलपॉलिश काढायचं पाणी नाही. उशीला जुना अभ्रा, काही रात्री. घाम आला, केस ओले झाले की कॉलरला रंग लागतो, पांढरं घालू नका. पोहण्याच्या तलावातल्या क्लोरीनने रंग लवकर उतरतो. दुसऱ्या दिवशी नको वाटला तर दोनचार वेळा शॅम्पू, बाकी वाट बघणं. वाटी घासा, भिंत ओली असतानाच पुसा.

गुरुवारी कोपराला रंग लावला. आज शुक्रवार, जागा अजून कोरी आहे, उद्या सकाळी पुन्हा बघायची. बटणांचा शर्ट सापडलाय, एक बटण नाही. लेक चटई घेऊन उंबऱ्याशी कधीची जाऊन पडली आहे आणि तिथूनच "थांब, थांब" ओरडते आहे, मी अजून तांब्या हातात घेतलेला नसताना.