भंगारातल्या मोटरवर धार लावायचं यंत्र

भंगारवाल्याकडून मोटर घरी आली की पहिला मोह एकच: दोन वायरी जोडायच्या, प्लगमध्ये खुपसायच्या आणि फिरते का बघायचं. माझ्या पहिल्या मोटरला मी तेच केलं. ती फिरली नाही, नुसती गुणगुणली. आता उचलेल, मग उचलेल म्हणून मी बटण दाबून बसलो आणि अर्ध्या मिनिटात जळक्या वॉर्निशचा वास सुटला. रिवाइंडिंगवाल्याने (मोटरमधली तार, म्हणजे वाइंडिंग, नव्याने गुंडाळून देणाऱ्याने) झाकण काढून दाखवलं तेव्हा कळलं, बेअरिंग गंजून जाम झालं होतं. शाफ्ट, म्हणजे मोटरचा फिरणारा दांडा, हाताने एकदा फिरवून पाहिला असता तर वाइंडिंगचा खर्च वाचला असता.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे: आधी नजर, मग हात, मग मीटर आणि सगळ्यात शेवटी वीज. अशा मोटरवर पटाशी, रंध्याचं पातं, कोयता, घरातली विळी यांना धार लावायचं पट्ट्यावरचं यंत्र कसं करायचं, ते याच क्रमाने सांगतो.

विकत घेतानाच काय बघायचं

पुण्याचा जुना बाजार असो, मुंबईचा चोर बाजार असो की गावातलं भंगाराचं दुकान, मोटरची पत्र्याची पाटी आधी वाचा. आपल्याला सिंगल फेज, २३० व्होल्ट, अर्धा एचपी, म्हणजे ०.३७ किलोवॅटची मोटर हवी. पाटीवर ४१५ व्होल्ट आणि ३ फेज असेल तर ती कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. घरच्या विजेवर ती चालवायला वेगळा ड्राइव्ह लागतो आणि त्याच पैशात चांगली सिंगल फेज मोटर येते. पाटीच नसेल तर भाव अर्धा करून मागा.

वेगाचा आकडा महत्त्वाचा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चार पोलच्या (चुंबकीय ध्रुवांच्या) मोटरचं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेतं आणि शाफ्ट थोडा मागे राहून १४४० च्या आसपास फिरतो. दोन पोलची मोटर २८८० च्या आसपास. धार लावायला मी डोळे झाकून १४४० वाली घेतो. कारण पुढे येईलच.

आता शाफ्ट हाताने फिरवा. तो सहज फिरून हळूच थांबला पाहिजे. खरखर आली तर बेअरिंग बदलायचं. त्याची फार धास्ती नको. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो: ६२०३ म्हणजे आतलं भोक १७ मिमी, ६२०४ म्हणजे २० मिमी. तो नंबर सांगितला की दुकानदार काढून देतो. धार लावताना दगडाची धूळ उडते, म्हणून रबरी सीलवालं मागा. शाफ्ट धरून वरखाली हलवा. बेअरिंग ठीक असूनही तो खडखड हलत असेल तर झाकणातली बेअरिंगची बैठक झिजली आहे. अशी मोटर घेऊ नका. मोटर उघडायची असेल तर आधी दोन्ही झाकणं आणि बॉडी यांच्या सांध्यावर पंचने खुणा करा, म्हणजे परत बसवताना झाकण फिरत नाही.

मीटर हातात घेतल्यावर

मोटरच्या पाठीवरच्या डबीत किंवा नळकांड्यात कंडेन्सर असतो. मोटर नुकतीच कुणी चालवून दाखवली असेल तर त्यात चार्ज शिल्लक असू शकतो. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढायची सवय अनेकांना असते, पण तिने कंडेन्सरही बिघडतो आणि डोळ्यांनाही धोका. होल्डरमध्ये १०० वॅटचा साधा पिवळा बल्ब लावा, होल्डरच्या दोन वायरी कंडेन्सरच्या टोकांना पाच-दहा सेकंद टेकवा, मग मीटरने शून्य व्होल्ट आल्याची खात्री करा आणि कंडेन्सर सुटा करा.

कंडेन्सरच्या दोन जाती आहेत आणि इथे गल्लत करू नका. काळ्या बेकेलाइटच्या नळकांड्यातला, ८०-१०० एमएफडीच्या (मायक्रोफॅरडच्या, हे कंडेन्सरच्या क्षमतेचं माप) घरातला तो स्टार्टिंगचा. त्याने फक्त सुरुवातीचे एक-दोन सेकंद काम करायचं असतं. रनिंगचा कंडेन्सर बराच कमी एमएफडीचा पण ४४० व्होल्टचा असतो आणि मोटर चालू असेपर्यंत सर्किटमध्ये राहतो; सीलिंग फॅनमधला २.५ एमएफडीचा असतो तो याच जातीचा. स्टार्टिंगचा कंडेन्सर रनिंगच्या जागी लावला तर तो फुगून फुटतो. बदलताना जात तीच, एमएफडी तेवढाच आणि व्होल्ट तितके किंवा जास्त.

आता वाइंडिंग. मोटरमध्ये दोन असतात: जाड तारेचं रनिंग, बारीक तारेचं स्टार्टिंग. बाहेर चार वायरी आल्या असतील तर दोन जोड्या मीटरवर लगेच सापडतात. कमी ओहम दाखवते ती रनिंगची. तीनच वायरी असतील तर त्यांना अ, ब, क म्हणा आणि तिन्ही जोड्या मोजा. समजा अ-ब मध्ये १३ ओहम, ब-क मध्ये ९, अ-क मध्ये ४ आले. सगळ्यात मोठा आकडा अ-ब चा, त्यात नसलेली क ही कॉमन. क पासून कमी ओहमची अ रनिंगची, जास्तीची ब स्टार्टिंगची. ४ आणि ९ मिळून १३ होतात, म्हणजे मोजणी बरोबर. बेरीज जुळत नसेल तर कुठेतरी सांधा ढिला आहे किंवा मीटरचे प्रोब नीट टेकत नाहीत.

त्यानंतर प्रत्येक वायर आणि मोटरची उघडी धातूची बॉडी यांच्यात मोजा. साध्या मीटरवर काहीच दाखवलं नाही तरी खूश होऊ नका. मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर बघतो, मोटरला २३० सोसायचे असतात. खरी तपासणी ५०० व्होल्टच्या मेगरची, म्हणजे जास्त व्होल्ट देऊन इन्सुलेशन तपासणाऱ्या मीटरची. तो विकत घ्यायची गरज नाही, रिवाइंडिंगच्या दुकानात दोन मिनिटांचं काम आहे. एक मेगओहमच्या खाली आकडा आला तर मोटर ओलसर आहे किंवा इन्सुलेशन गेलं आहे. कोकणात पावसाळाभर पडवीत पडलेली मोटर बहुधा नुसती ओली असते: झाकणं काढून दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा, किंवा खोक्यात ६० वॅटचा बल्ब पेटता ठेवून शेजारी मोटर ठेवा (बल्ब पुठ्ठ्याला टेकू देऊ नका) आणि परत मेगर लावा. आकडा चढला तर जिंकलात.

इथे एक गैरसमज. "मोटर सिरीज लॅम्पमध्ये घालून बघ, दिवा पूर्ण पेटला तर शॉर्ट" असं सांगणारे भेटतात, म्हणजे बल्ब आणि मोटर एकामागे एक जोडून वीज द्यायची. १०० वॅटचा बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध सव्वापाचशे ओहमच्या पुढे असतो आणि उभ्या मोटरचा त्याच्यासमोर अगदीच किरकोळ. त्यामुळे धडधाकट मोटर लावली तरी दिवा जवळजवळ पूर्णच पेटतो. मोटर मात्र तेवढ्यावर फिरत नाही, मग लोक ती चांगली मोटर भंगारात देतात. तुमचा-माझा फायदा तिथेच होतो म्हणा.

वीज देण्याआधी

यंत्राला तीन कोअरची १.५ चौरस मिमी केबल आणि मोठा, १६ अँपिअरचा तीन पिनचा प्लग लावा. मोटर चालताना चारेक अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या पाच-सहा पट ओढते. म्हणून एमसीबीही (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) सी कर्व्हचा, म्हणजे सुरुवातीचा झटका सोसणारा. हिरवी वायर मोटरच्या बॉडीला जोडताना बोल्टखालचा रंग खरवडून काढा. रंगावर घट्ट केलेलं अर्थिंग म्हणजे शोभेचं अर्थिंग. लोखंडी टेबल असेल तर तेही त्याच वायरला जोडा.

सॉकेटमधलं अर्थिंग खरं आहे का हेही पाहा. मीटरवर फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळ आणि न्यूट्रल-अर्थमध्ये व्होल्टभर आकडा यायला हवा. जुन्या घरांत कुणी अर्थची पिन आतून न्यूट्रललाच जोडून ठेवलेली असते. तेव्हा मीटर अगदी शून्य दाखवतो आणि न्यूट्रल कुठे तुटला तर मोटरच्या बॉडीवर थेट करंट येतो. शंका असेल तर जाणत्या वायरमनला सॉकेट उघडून बघायला सांगा. वर्कशॉपच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) हवाच. त्याचं टेस्ट बटण फक्त आरसीसीबी चालतो का ते सांगतं, अर्थिंगबद्दल काही सांगत नाही.

स्विचच्या बाबतीत कंजुषी नको. साधा स्विच लावलात, मध्येच वीज गेली, तुम्ही चहाला गेलात आणि वीज आली की यंत्र आपोआप सुरू होतं, कदाचित पोरगं तिथे उभं असताना. डीओएल स्टार्टरमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करायच्या बटणांच्या डबीत, नो-व्होल्ट कॉइल असते. वीज गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण दाबल्याशिवाय परत लागत नाही. त्यातली ओव्हरलोड रिले (जास्त करंट गेला की मोटर बंद करणारी) पाटीवरच्या अँपिअरइतकी ठेवा. ही रिले माझ्याकडे तेव्हा असती तर पहिली मोटर जळाली नसती.

आता रिकामी मोटर फळीला बोल्टने बांधून चालवा. सेकंदभरात वेग घेतला पाहिजे. वेग पाऊण भागाच्या आसपास पोहोचला की आतला सेंट्रिफ्यूगल स्विच स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. बंद केल्यावर मोटर मंदावताना टिक्‌ असा आवाज येतो, तो स्विच परत जुळल्याचा. दोन-तीन सेकंदांत वेग घेतला नाही किंवा गुणगुण थांबली नाही तर लगेच बंद करा. टिक्‌ ऐकूच आला नाही तर झाकण उघडून स्विचचे पॉइंट बघा, बहुतेक वेळा धूळ आणि ग्रीस साचलेलं असतं. पाच मिनिटं चालवून बॉडीला हात लावा. कोमट हवी, चटका नको. क्लॅम्प मीटर असेल तर करंट मोजा. रिकामी सिंगल फेज मोटरही पाटीवरच्या आकड्याच्या निम्म्याहून जास्त घेते, ते चालतं. पाटी ओलांडली तर बहुधा वाइंडिंगचे वेढे आपसात शॉर्ट आहेत.

दिशा उलटी निघाली तर स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं आपसात बदला, रनिंगला हात लावू नका. तीनच वायरी असतील तर कॉमनचा जोड आत असतो. त्यापेक्षा मोटर फळीवर तोंड फिरवून बसवणं सोपं पडतं.

पुली, पट्टा, दगड

दगडासाठी दोन प्लमर ब्लॉक, म्हणजे बेअरिंगचे तयार ठोकळे (२० मिमी शाफ्टला यूसीपी २०४), आणि त्यावर दगडाचा वेगळा शाफ्ट. शाफ्टच्या टोकांचे आटे टर्नरकडून काढून घ्या. दगडाचा वरचा भाग तुमच्याकडे येत खाली फिरायला हवा. तुमच्या डाव्या टोकाला दगड असेल तर तिथला आटा उलटा लागतो, नाहीतर नट चालता चालता सुटतो.

हिशेब सोपा: मोटरचा वेग गुणिले मोटरची पुली, भागिले शाफ्टची पुली. दोन्हीकडे ३ इंची लावल्या की दगड १४४० नेच फिरतो. ए सेक्शनच्या (व्ही आकाराच्या पट्ट्याचं एक माप) पट्ट्याला ३ इंचांहून लहान पुली लावली तर तो लवकर फाटतो. ६ इंची दगड या वेगाला कडेला सेकंदाला सुमारे ११ मीटर पळतो, २८८० ला त्याच्या दुप्पट. तेवढ्या वेगात पातळ पटाशी क्षणात निळी पडते, म्हणजे हत्याराचं पाणी उतरलं. ती निळाई घासून काढेपर्यंत धार टिकत नाही. म्हणून १४४० चा आग्रह. तरीही दर दोन-तीन घासांनी पातं पाण्यात बुडवायचंच. दगडाच्या लेबलवर कमाल आरपीएम छापलेला असतो, तो आपल्या वेगापेक्षा जास्त आहे ना ते वाचा.

पुली घेण्याआधी मोटरचा शाफ्ट व्हर्नियरने मोजा. जुन्या मोटरचा शाफ्ट ५/८ इंची निघाला तर तो १५.८८ मिमी भरतो. १६ मिमी बोअरची पुली त्यावर चढते पण डुगडुगते आणि चावीचा (पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याचा) गाळा खाते. पुली हातोड्याने ठोकून बसवू नका, तो मार थेट बेअरिंगच्या गोळ्यांना बसतो. पुली बॉडीच्या जितकी जवळ तितकं बरं. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते सुतळी ताणून बघा. पट्टा खाचेच्या बाजूंना धरायला हवा, तळाला टेकता कामा नये. ताण इतकाच की फूटभर अंतराच्या मध्ये अंगठ्याने दाबलं तर अर्धा सेंटिमीटर खाली जावा. जास्त ओढला तर बेअरिंगचं आयुष्य कमी. पट्ट्यावर आणि पुल्यांवर पत्र्याचं कव्हर हवं. ओढणी, शर्टाची बाही, गळ्यातली साखळी ओढून घेतं ते इथेच.

दगड चढवण्याआधी बोटावर टांगून लाकडी मुठीने हलकेच ठोका. स्वच्छ टणटण वाजला तर ठीक; भदभद आवाज आला तर आत तडा आहे, फेकून द्या. त्याच्या दोन्ही अंगांना चिकटवलेला कागद काढू नका, फ्लँज (दगड दोन्हीकडून दाबून धरणारी चकती) त्यावरच बसते. फ्लँजचा व्यास दगडाच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी नको. दगडाभोवती जाड पत्र्याचं गार्ड लावा आणि पातं टेकवायचा टेकू दगडापासून ३ मिमीपेक्षा लांब ठेवू नका, नाहीतर पातं फटीत ओढलं जातं. पहिल्यांदा सुरू करून एक मिनिट बाजूला उभे राहा. तडा गेलेला दगड फुटायचा तो बहुधा याच मिनिटात फुटतो. डोळ्यांवर चष्मा, हातमोजे मात्र नकोत. ॲल्युमिनियम या दगडावर घासू नका, ते दगडात भरतं आणि दगड कापायचा थांबतो.

नवा पट्टा महिन्याभरात थोडा ताणतो. म्हणून मोटरच्या पायाखालची भोकं गोल न पाडता लांबट पाडा. पट्टा सैल पडला की चार बोल्ट ढिले करून मोटर तेवढीच मागे सरकवता येते.