रब्बीच्या पेरणीआधी गावाच्या पाण्याचा ताळेबंद कसा मांडावा

पाऊस पूर्वीसारखा पडत नाही, हे आता गावोगावी ऐकू येते. दोन सरींमध्ये मोठे खंड पडतात आणि मग एकाच रात्रीत कोसळलेले पाणी ओढ्यावाटे निघून जाते. पाऊस बदलला तरी आपला पेरा मात्र गेल्या वर्षीचाच राहतो, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते ती बहुधा या सवयीमुळेच. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली वेगळी रीत घालून दिली. तेथे आधी पाणी मोजतात आणि मग ग्रामसभेत पिके ठरवतात. ही रीत कोणत्याही गावाला जमण्यासारखी आहे.

सुरुवात पर्जन्यमापकापासून करावी. तालुक्याच्या आकड्यावर विसंबू नये, कारण शेजारच्या दोन शिवारांतही पावसाचा फरक पडतो. मापक मोकळ्या जागी, जवळच्या झाडा-भिंतीपासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतरावर बसवावा आणि हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी. शाळेतील मुले हे काम मनापासून करतात आणि त्यांच्यामुळे पावसाचा आकडा घरोघरी पोहोचतो.

पुढचा हिशेब एका सूत्रावर चालतो: 1 हेक्टरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे 10,000 लिटर पाणी आले. शिवार 1,000 हेक्टरचे आणि पाऊस 400 मिलिमीटर असेल, तर आभाळाने 400 कोटी लिटर दिले. हे सगळे आपले नव्हे. काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते, काही मातीच्या ओलीत राहते. दख्खनच्या काळ्या पाषाणात जेमतेम दहावा हिस्सा मुरला असे धरणे सावधपणाचे ठरेल. म्हणजे विहिरींच्या भरवशावर 40 कोटी लिटर उरले.

आता खर्च मांडावा आणि त्यात पहिला मान पिण्याच्या पाण्याला द्यावा. माणशी रोज 55 लिटरप्रमाणे 1,500 वस्तीला वर्षाला सुमारे 3 कोटी लिटर लागतात. 800 मोठ्या जनावरांना, प्रत्येकी 50 लिटर धरून, दीड कोटी. अर्धा कोटी गंगाजळी म्हणून बाजूला ठेवले, तर शेतीसाठी 35 कोटी राहतात.

खरा प्रश्न येथे उभा राहतो. उसाला वर्षभरात 2,000 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे हेक्टरी 2 कोटी लिटर पाणी लागते. सगळे पाणी उसाला दिले तर जेमतेम 17 हेक्टर भिजेल. हरभऱ्याला 60 मिलिमीटरच्या दोन पाळ्या दिल्या, तर हेक्टरी 12 लाख लिटर पुरतात आणि त्याच पाण्यावर जवळपास 290 हेक्टर उभे राहते. हे दोन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहावेत. दीड हेक्टर ऊस म्हणजे साऱ्या गावाचे वर्षभराचे पिण्याचे पाणी, हे एकदा डोळ्यांनी दिसले की चर्चेचा सूर बदलतो.

ग्रामसभा सप्टेंबरअखेरीस बोलवावी, म्हणजे बियाणे घेण्याआधी निर्णय होईल. परतीचा पाऊस झाल्यास ऑक्टोबरमध्ये आकडे सुधारावेत. ज्याची उसाची लागण आधीच उभी आहे त्याला दोषी ठरवू नये, त्याच्यासाठी ठिबकची सोय आधी पाहावी. शेतीसाठी नवी बोअर घेऊ नये, हा ठराव मात्र ठामपणे करावा, कारण खोल बोअर शेजाऱ्याच्या विहिरीतले पाणी ओढते आणि ताळेबंदाला अर्थच उरत नाही. हिवरे बाजारने हे बंधन पाळले आहे.

ठरावानंतर दर पंधरवड्याला निवडक आठ-दहा विहिरींची पातळी, सकाळी मोटारी सुरू होण्याआधी, खुणेच्या दोरीने काठापासून मोजावी आणि चावडीवर लिहावी. अंदाजापेक्षा पाणी लवकर खाली जात असेल, तर पुढच्या वर्षी दहाऐवजी आठ टक्के मुरले असे धरून हिशेब मांडावा.