एसएसडी की प्रोसेसर? आधी टास्क मॅनेजर उघडा

कॉम्प्युटर रखडतो म्हणून लगेच प्रोसेसर बदलू नका. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि नेहमीचं काम सुरू ठेवून ‘परफॉर्मन्स’ पाहा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, २०-३० वर असेल, तर अडचण हार्ड डिस्कची आहे. हार्ड डिस्कच्या फिरत्या तबकडीवर माहिती शोधायला साधारण १० मिलिसेकंद लागतात, एसएसडीला, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कला, त्याचा शंभरावा भागही पुरतो. जुन्या मशीनला २.५ इंची साटा एसएसडी घ्या, एम.२ (थेट मदरबोर्डात बसणारी पट्टीसारखी एसएसडी) हवी असेल तर बोर्डावरची जागा साटाची की एनव्हीएमईची (डिस्क जोडायच्या या दोन वेगळ्या पद्धती), हे आधी बघा. मात्र रॅमही (चालू कामाची तात्पुरती मेमरी, टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’) ९० टक्के भरलेली दिसली तर आधी ती वाढवा. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचा आधार घेतं आणि दोष डिस्कचा वाटतो.

व्हिडिओ एक्स्पोर्टसारख्या कामात सीपीयू सतत १०० वर असेल तरच प्रोसेसर घ्या. इथे फसगत ठरलेली: इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा, ११५१ पिनांचंच, तरी सातव्या पिढीसाठीच्या २०० मालिकेच्या बोर्डावर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. म्हणजे बोर्डाचाही खर्च. बोर्ड कंपनीची सपोर्ट यादी (कोणते प्रोसेसर चालतात ती) आणि बायोसची, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची, आवृत्ती पाहूनच पैसे मोजा.