खो-खोच्या सामन्याची डीव्हीडी: लॅपटॉपवर चालते, प्लेअरमध्ये नाही

लक्षण: मुलांच्या सामन्याचे मोबाइल चित्रीकरण डिस्कवर टाकून पालकांना दिले. लॅपटॉपवर ठीक, पण टीव्हीच्या प्लेअरमध्ये 'डिस्क एरर'. एका घरी चालली, तर पळणारा खेळाडू दर पावलाला अडखळतो.

आधी डिस्कची कंपनी बदलली, वेग कमी केला, लेन्स पुसली. पाच डिस्क कचऱ्यात गेल्या.

दोष दोन होते. एमपी४ फाइल तशीच टाकली की ती डेटा डिस्क होते, म्हणजे नुसती फाइल साठवलेली डिस्क. जुन्या प्लेअरला एमपेग-२ (डीव्हीडीचा व्हिडिओ प्रकार) असलेला 'व्हिडिओ_टीएस' फोल्डरच लागतो. आणि भारतात पाल (PAL, सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे चित्रे दाखवणारी टीव्ही पद्धत) म्हणून २५ फ्रेम निवडल्या होत्या, मोबाइलच्या मात्र ३०. सेकंदाला पाच फ्रेम गळतात, झटका तिथलाच. इथले बहुतेक प्लेअर एनटीएससी (NTSC, सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची पद्धत) हीही चालवतात, तेव्हा पालचा हट्ट सोडा.

चाललेला क्रम: डीव्हीडी-स्टायलर या डीव्हीडी बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा प्रोजेक्ट, ४.७ जीबी, एनटीएससी, १६:९, ऑडिओ एसी३. व्हिडिओ बिटरेट (दर सेकंदाचा डेटा) ६००० केबीपीएस; यात ९० मिनिटे आरामात मावतात. त्याहून लांब असेल तर दुसरी डिस्क घ्या, बिटरेट उतरवला की धावताना चौकटी दिसू लागतात. थेट बर्न न करता आयएसओ (पूर्ण डिस्कची एकच फाइल) बनवा, लॅपटॉपवर पाहून घ्या. मग इमेजबर्न या डिस्क बर्न करायच्या सॉफ्टवेअरमध्ये कोरी डीव्हीडी-आर, वेग ४एक्स किंवा ८एक्स, 'व्हेरिफाय'वर (बर्ननंतरच्या तपासणीवर) टिक. रीरायटेबल डिस्क नको, जुन्या लेन्सला ती नीट वाचता येत नाही. वर कागदी लेबलही चिकटवू नका, मार्करने लिहा.