ऑडिओ कमावतं, आरोग्य खातं: दोन विभागांच्या छोट्या कंपनीचा शेअर घेण्याआधी

नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा सौदा करणारा वरची चार फळं पाहून भाव बोलत नाही, हात तळापर्यंत घालतो. एकीकडे इअरफोन-स्पीकर आणि दुसरीकडे श्रवणयंत्रं, ऑक्सिमीटर अशी उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कंपनीचा एकत्रित निकाल वाचतानाही तेच करावं लागतं. अशा कंपनीत बहुतेकदा एक विभाग घर चालवतो आणि दुसरा त्या जोरावर स्वप्नं दाखवतो. शेअरचा भाव मात्र स्वप्नाचा लागलेला असतो.

म्हणून बीएसई किंवा एनएसई या शेअर बाजारांच्या संकेतस्थळावरून शेवटचे तीन वार्षिक अहवाल उतरवून घ्या आणि थेट विभागनिहाय माहितीच्या टिपेवर जा. अध्यक्षांचं पत्र नंतर वाचलं तरी चालतं. इंड-एएस १०८ या हिशेबाच्या नियमानुसार एखाद्या विभागाची विक्री, नफा-तोटा किंवा मालमत्ता एकूणाच्या १० टक्के किंवा जास्त असेल, तर त्याचे आकडे वेगळे द्यावे लागतात. गुंतवणूकदारांसाठीच्या सादरीकरणात वीस पानं आरोग्य विभागावर आणि ताळेबंदाच्या टिपेत ‘कंपनीचा एकच विभाग आहे’ हे वाक्य, अशी जोडी दिसली तर पुढे जाण्याची घाई करू नका. एक तर तो विभाग अजून नावापुरता आहे, किंवा त्याचा तोटा दाखवायची इच्छा नाही.

आता हिशेब. आकडे कल्पित आहेत, रीत खरी आहे. ऑडिओची विक्री ६० कोटी, विभागाचा नफा ३ कोटी. आरोग्याची विक्री ८ कोटी, तोटा ५ कोटी. कर्ज १० कोटी, त्यावर व्याज सुमारे १ कोटी. हातात रोकड ६ कोटी. एकूण शेअर १ कोटी, भाव ९० रुपये, म्हणजे बाजारमूल्य ९० कोटी. ऑडिओच्या ३ कोटींतून साधारण २५ टक्के कर वजा केला की सव्वादोन कोटी उरतात. त्याला १५ पट किंमत दिली (स्पर्धेत पिचलेल्या धंद्याला हे सढळच झालं), तर सुमारे ३४ कोटी होतात. कर्ज वजा, रोकड अधिक: ३० कोटी. म्हणजे शेअरमागे ३० रुपये ऑडिओचे, आणि उरलेले ६० रुपये तुम्ही वर्षाला ५ कोटी गिळणाऱ्या विभागासाठी मोजताय. तो विभाग ६० कोटींचा का, याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नसेल तर शेअर घेऊ नका.

याच आकड्यांतून दुसरी गोष्ट निघते. ३ उणे ५ उणे १, म्हणजे वर्षाला ३ कोटींची तूट. रोकड दोन वर्षं पुरेल, तीही उधारी वाढली नाही तर. मग कंपनी नवे शेअर काढणार किंवा प्रवर्तकांना वॉरंट, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क, देणार. वॉरंटमध्ये २५ टक्के रक्कम आधी भरायची असते आणि उरलेली १८ महिन्यांच्या आत. त्यामुळे ‘प्रवर्तकांनी विश्वास दाखवला’ या बातमीवर उड्या मारण्याआधी उरलेले ७५ टक्के आले का ते पाहा. २० लाख वॉरंट शेअरमध्ये बदलले की वरच्या उदाहरणात शेअर १ कोटी २० लाख होतात, म्हणून शेअरमागची किंमत काढताना भागाकार नेहमी वाढलेल्या संख्येनेच करा.

तोटा कुठे दडतो

‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ ही ओळ ताळेबंदात शोधा. संशोधनाचे पगार खर्चात न टाकता इथे जमा करता येतात; मग आरोग्य विभागाचा तोटा कागदावर कमी दिसतो आणि रोकड मात्र जातच राहते. याच टिपेत ही रक्कम किती वर्षांपासून अडकली आहे याचा तक्ता असतो. तीन वर्षांहून जुनी रक्कम मोठी असेल, तर ते उपकरण बाजारात येण्याऐवजी एक दिवस निर्लेखित होण्याची, म्हणजे तोटा म्हणून हिशेबातून काढून टाकलं जाण्याची शक्यता जास्त.

येणी, म्हणजे ग्राहकांकडून यायचे पैसे, दिवसांत मोजा. ६० कोटींच्या विक्रीवर १५ कोटी येणी म्हणजे सुमारे ९१ दिवस. सरकारी निविदांवर चालणाऱ्या आरोग्य विभागात हा आकडा याहून लांबतो. ऑडिओत धोका साठ्याचा. ब्लूटूथ इअरबड्स गोदामात पडून राहिले तरी आतली लिथियम बॅटरी म्हातारी होत जाते, आणि दर दिवाळीला नवं मॉडेल आलं की जुन्याचा भाव पडतो. विक्री तेवढीच आणि साठा दीडपट झाला असेल, तर पुढच्या निकालात सूट देऊन माल काढलेला दिसेल.

श्रवणयंत्रांचा एक बारकावा बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटतो. त्यांच्या विक्रीवर जीएसटी नाही. ग्राहकाला बरं, पण त्यामुळे ती बनवताना खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट देशातल्या विक्रीवर कंपनीला मिळत नाही. तो खर्चातच जातो.

परवाना नसेल तर तो आरोग्य विभाग नाही

वैद्यकीय उपकरणं नियम २०१७ नुसार उपकरणांचे जोखमीप्रमाणे ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी वर्गाच्या उत्पादनाचा परवाना राज्याकडून मिळतो, सी आणि डीचा सीडीएससीओ या केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेकडून. कंपनी कोणत्या वर्गात आहे, परवाना उत्पादनाचा की आयातीचा, आणि कारखान्याला आयएसओ १३४८५ हे वैद्यकीय उपकरणांच्या दर्जाचं प्रमाणपत्र आहे का, एवढं विचारा. मनगटी पट्ट्याच्या खोक्यावर ‘हे वैद्यकीय उपकरण नाही’ असं छापलेलं असेल, तर तो पट्टा आरोग्याच्या नावावर विकलेलं गॅजेट आहे. त्याला वैद्यकीय उपकरणाची किंमत देऊ नका.

परवानगी मिळाली म्हणजे विक्री झाली असंही नाही. अमेरिकेतल्या पॅरामेट्रिक साउंड या छोट्या कंपनीकडे हायपरसाउंड हे आवाज एका दिशेने झोतासारखा सोडणारं तंत्र होतं आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी त्याचा वेगळा आरोग्य धंदा उभा केला जात होता. जानेवारी २०१४ मध्ये ती गेमिंग हेडसेट विकणाऱ्या टर्टल बीचशी विलीन झाली. २०१६ मध्ये टर्टल बीचने हायपरसाउंडचा पसारा आवरायला घेतला. हेडसेट चालूच राहिले.

नागपुरातली पायपीट

एक शनिवार काढा. बर्डीवरच्या तीन-चार दुकानांत जाऊन कंपनीचे इअरफोन मागा. दुकानदार स्वतःहून काढून देतो का, वॉरंटीत आलेला माल किती दिवसांत बदलून मिळतो, आणि कंपनी किती दिवसांची उधारी देते, हे विचारा. उधारी ३० वरून ९० दिवसांवर गेली असेल तर येण्यांच्या आकड्याचं कारण तिथेच सापडेल. मग धंतोली-रामदासपेठेत ऑडिओलॉजिस्टकडे. तिथे प्रश्न वेगळे: यंत्राचं सेटिंग करायचं सॉफ्टवेअर त्यांच्याकडे आहे का, दुरुस्ती शहरात होते की मुंबई-पुण्याला पाठवावी लागते, परत किती येतात. श्रवणयंत्र एकदा विकून संपत नाही. पुढची सेवा नसेल तर डॉक्टर दुसऱ्यांदा नाव सुचवत नाहीत.

किती आणि कसं घ्यायचं

आधी बाहेर पडायचा दरवाजा मोजा. रोज सरासरी ४,००० शेअरची डिलिव्हरी होत असेल तर त्याच्या दहाव्या भागाहून जास्त, म्हणजे ४०० हून जास्त विकले की भाव तुमच्यामुळेच घसरेल. दहा दिवसांत बाहेर पडायचं असेल तर ४,००० शेअर, ९० च्या भावाने ३ लाख ६० हजार, ही कमाल. ऑर्डर नेहमी लिमिटची, म्हणजे आपला भाव ठरवून दिलेली. मिळेल त्या भावाची मार्केट ऑर्डर टाकली तर पातळ बाजारात पाच-सात टक्के वर खरेदी होऊन बसते. लोअर सर्किट, म्हणजे दिवसाच्या घसरणीची मर्यादा, लागलं की खरेदीदारच नसतो, त्यामुळे स्टॉप-लॉसच्या (ठरलेल्या भावाखाली आपोआप विकण्याच्या ऑर्डरच्या) भरवशावर राहू नका.

एसएमई मंचावरचा, म्हणजे छोट्या कंपन्यांसाठीच्या वेगळ्या बाजारातला शेअर असेल तर लॉटमध्येच, ठरावीक संख्येच्या गठ्ठ्यात, घ्यावा-विकावा लागतो, आणि निकाल तिमाही नव्हे, सहामाही येतात. म्हणजे वाईट बातमी तुमच्यापर्यंत उशिरा पोहोचते. रक्कम निम्मी ठेवा. टेलिग्रामवर टार्गेट देणाऱ्याचा सेबी नोंदणी क्रमांक मागा आणि सेबीच्या यादीत तपासा. बहुतेक जण तिथेच गप्प होतात.

विकायची कारणं घेतानाच लिहून ठेवा: लेखापरीक्षकाने मध्येच राजीनामा दिला, प्रवर्तकांनी कर्जासाठी तारण ठेवलेले शेअर वाढले, आरोग्य विभागाचा तोटा सलग दोन निकालांत ऑडिओच्या नफ्याहून मोठा राहिला. १२ महिन्यांच्या आत विकल्यास नफ्यावर २० टक्के कर, त्यानंतर वर्षाच्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. तोटा झाला तरी विवरणपत्र मुदतीत भरा. तरच तो पुढची आठ वर्षं नफ्यातून वळता करता येतो.