इंदूर–महेश्वर सहल: खर्च विणकर-नावाड्यांपर्यंत कसा पोचवायचा

मंडळाची महेश्वर सहल ठरली की आधी गाडी ठरते, मग जेवण, मग दर्शन. साडीखरेदी अगदी शेवटी, बसचा हॉर्न वाजत असताना. या क्रमात पैसा गाडीवाल्याकडे आणि हायवेच्या ढाब्यावर राहतो. क्रम बदलायचा तर तो असा का पडला, ते आधी बघा.

अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली आणि बाहेरून विणकर आणून वसवले. 1818 च्या होळकर-इंग्रजांमधल्या मंदसौर तहानंतर राजधानी इंदूरला आली. विणकर तिथेच, दरबारी गिऱ्हाईक मात्र 90 किलोमीटरवर. पुढे इंदूरचे राजे दुसरे तुकोजीराव होळकर यांनी 1870 मध्ये इंग्रजांना रेल्वेसाठी एक कोट रुपये कर्जाने दिले आणि खंडवा–इंदूर रेल्वे आली. तिने बडवाहजवळ मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली. महेश्वर बाजूला पडलं, म्हणून तिथे रस्त्यानेच जावं लागतं. रूळ काही आपण हलवू शकत नाही. मुक्काम, जेवण आणि खरेदी आपल्या हातात आहे.

हिशेबाच्या कागदावर चार रकाने पाडा: बाब, रक्कम, कोणाला दिली, तो माणूस महेश्वरचा का. समजा वीस जणांचे 24,000 रुपये जमले. गाडी 14,000, हायवेवरचं खाणं 7,000, नाव 2,000, किरकोळ 1,000. गावात पडले नावेचे आणि किरकोळचे मिळून 3,000, म्हणजे आठवा हिस्सा. तेच जेवण गावातल्या घरगुती खानावळीत, आठवडाभर आधी माणसं कळवून आणि निम्मी रक्कम आगाऊ देऊन घेतलं, तर गावात 10,000 पडतात. रात्री मुक्काम केला तर आणखी. गाडीचा हॉल्टचा खर्च वाढतो, तो आधीच धरा. नाहीतर ऐन वेळी मुक्कामच कापला जातो.

खरी मेख साडीत आहे. दुकानातून घेतलेल्या साडीचे पैसे विणकराला मिळतीलच असं नाही, कारण पुष्कळ विणकर मालकाच्या मागावर नगावारी मजुरीने बसतात. म्हणून तीन गोष्टी विचारा: माग कोणाचा, सूत कोणाचं, मजुरी साडीमागे किती. कांड्या (सुताच्या नळ्या) भरणाऱ्या बाईला वेगळे मिळतात का, हेही. माग आणि सूत दोन्ही विणकराचं असेल तर थेट त्याच्याकडून घ्या. नसेल तर सहकारी किंवा संस्थेच्या विक्रीतून घ्या. 1978 पासूनची रेहवा सोसायटी त्यातलीच.

पारंपरिक साडीचा बुगडी काठ दोन्ही बाजूंनी नेसता येतो. हातमागाच्या कापडाला काठाशी बारीक टोचे दिसतात, हँडलूम मार्क हे हातमागाचं सरकारी चिन्हही बघा. पॉवरलूमची नक्कल स्वस्त पडते आणि हातमागाचा भाव तिच्यापायीच पडतो. मंडळासाठी एकदम दहा साड्या हव्या असतील तर दीड-दोन महिने आधी सांगा आणि सुतापुरते पैसे आगाऊ द्या, नाहीतर विणकर व्याजाने सूत उचलतो. ‘दहा घेतो, भाव पाडा’ म्हणू नका. ती सूट मजुरीतूनच जाते.

चालकाला दुकानातून कमिशन मिळतं, हे गृहीत धरा. त्याचा भत्ता वाढवा आणि दुकान आपणच ठरवा.

नावाड्यांशी भाव माणशी नको, नावेमागे ठरवा. वीस जण एका नावेत कोंबण्यापेक्षा दोन नावा घ्या, लाइफ जॅकेट मोजून. पावसाळ्यात नर्मदेला पूर असला की नावा बंद असतात, म्हणून सहल नोव्हेंबर ते फेब्रुवारीत ठेवा.