समांतर रेषेचं समीकरण: बदलतं ते फक्त स्थिरपद

३क्ष − ४य + ७ = ० या रेषेला समांतर असलेली आणि (४, −१) या बिंदूतून जाणारी रेषा हवी आहे. असं गणित दिसलं की बहुतेक मुलं आधी चढ काढतात. उत्तर त्यानेही येतं, पण मध्ये अपूर्णांक येतात आणि चिन्हं नेमकी तिथेच चुकतात.

त्यापेक्षा सरळ वाट अशी. रेषेचा चढ क्ष आणि य यांच्या सहगुणकांवरच ठरतो. स्थिरपद बदललं तर रेषा तिरकी होत नाही, नुसती सरकते. म्हणून सहगुणकांना हात लावू नका, ७ च्या जागी ख लिहा:

३क्ष − ४य + ख = ०

आता दिलेला बिंदू घाला:

३(४) − ४(−१) + ख = ०
१२ + ४ + ख = ०
ख = −१६

उत्तर: ३क्ष − ४य − १६ = ०. दुसऱ्या पदातला कंस आळसाने गाळला की +४ चं −४ होतं आणि ख = −८ येतो. उत्तरात (४, −१) परत घालून डावी बाजू शून्य येते का बघा. दहा सेकंदांचं काम आहे.

रेषेऐवजी दोन बिंदू दिले असतील तर मात्र चढ काढावाच लागतो. त्रिकोणाचे शिरोबिंदू प(२, ५), फ(१, −२), र(७, २) आहेत. प मधून फर ला समांतर रेषा काढायची आहे. फर चा चढ = (२ + २)/(७ − १) = ४/६ = २/३. मग य − ५ = (२/३)(क्ष − २). लगेच दोन्ही बाजूंना ३ ने गुणा: ३य − १५ = २क्ष − ४, म्हणजे २क्ष − ३य + ११ = ०. गुणताना १५ चा ५ च राहणं ही इथली नेहमीची चूक.

समीकरणावरून चढ लिहायचा असेल तर क्ष चा सहगुणक भागिले य चा सहगुणक, आणि पुढे उणे चिन्ह. पहिल्या रेषेचा चढ −३/(−४) = ३/४ आहे, ३ नव्हे. क्ष = ४ सारख्या उभ्या रेषेला चढच नसतो, सूत्रात शून्याने भागावं लागतं. तिला समांतर आणि (−२, ५) मधून जाणारी रेषा थेट लिहा: क्ष = −२.

ख पुन्हा ७ च आला तर? दिलेला बिंदू मूळ रेषेवरच आहे. (−१, १) घालून बघा. अशा वेळी वेगळी समांतर रेषा मिळत नाही.

बिंदूऐवजी अंतर दिलं की उत्तरं दोन येतात, रेषेच्या दोन्ही बाजूंना एकेक. समांतर रेषांमधलं अंतर म्हणजे स्थिरपदांतला फरक भागिले सहगुणकांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ. पहिल्या रेषेपासून २ एकक अंतरावर: |ख − ७| / √(९ + १६) = २, म्हणून |ख − ७| = १०, ख = १७ किंवा −३. केवल मूल्याचं चिन्ह विसरणाऱ्याला −३ सापडतच नाही. हे सूत्र वापरण्याआधी दोन्ही समीकरणांतले सहगुणक सारखे करून घ्या. ६क्ष − ८य + ५ = ० ही रेषा पहिलीला समांतरच आहे, पण आधी तिला २ ने भागायचं: ३क्ष − ४य + २.५ = ०. अंतर ४.५/५ = ०.९ एकक.